बोटीवरचा करंट

२४ सप्टेंबर २००६, रविवार

आजपासून मुक्काम बोटीवर. गेल्या वर्षी पूर स्वयंपाकघरात आला, यंदाही उंबऱ्यापर्यंत येऊन डोकावून गेला. दरवर्षी गाद्या माळ्यावर चढवायच्या त्यापेक्षा घरच पाण्याबरोबर वर चढलं तर? अख्ख्या कसबा बावड्यात ही कल्पना माझ्याखेरीज कुणाला सुचली नाही. मंगळवार पेठेतल्या रफिकने आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये पिंपं जोडून वर पत्र्याची खोली करून दिली. गणपतरावांच्या उसाच्या कडेला पंचगंगेत बांधली आहे. तरंगते. जरा डावीकडे कलते, पण मीही डाव्या कुशीवरच झोपतो.

सौ. रत्नव्वा मात्र बहिणीकडे राहायला गेली. तिला पाण्याची भीती नाही. म्हणाली, पवायला येतंय मला, पर पाण्यावर करंट घिऊन निजायचं हे कुठलं खूळ? खंडेनवमीला येऊन बघणार. वायरिंग पटलं तर राहणार, नाही पटलं तर रफिकने बोट कापून भंगारात घालायची. मी बिनशर्त कबूल. कारखान्यात स्टोअरकीपर असताना सेफ्टी वीकचं भाषण दरवर्षी मीच करायचो. हा विषय म्हणजे माझ्या हातचा मळ.

२५ सप्टेंबर

गणपतरावांच्या पाण्याच्या मोटरीच्या खोलीतून वायर ओढली. उसातून, बाभळीवरून, थेट बोटीवर. कमी पडली तिथे दुसरी जोडून चिकटपट्टी गुंडाळली. भरपूर गुंडाळली. रफिकने विचारलं, अर्थिंगचं काय? त्याला समजावलं की खाली सबंध नदी आहे. तो हत्यारं गोळा करून घरी गेला. पटलं असावं.

२६ सप्टेंबर

शेगडी, हिटर आणि टीव्ही एकदम लावले. फ्यूज उडाला. बसवला, परत उडाला. डोकं शांत ठेवून विचार केला. दोष फ्यूजच्या तारेत आहे. केसाएवढी तार, तिच्यात दम तो किती असणार. गणपतरावांच्या कुंपणाच्या तारेचा तुकडा बसवला. त्यानंतर एकदाही उडाला नाही. अशा गोष्टी पुस्तकात नसतात.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी चहाआधी वायरिंगची तपासणी.

२७ सप्टेंबर

तपासणी राहिली. लोडशेडिंग होतं. करंटच नाही तर तपासायचं काय. तसा सुरक्षेच्या दृष्टीने आदर्श दिवस.

२८ सप्टेंबर, सायंकाळी

करपल्यासारखा वास. पलीकडे गुऱ्हाळ सुरू झालं असणार. गणपतराव म्हणाले, दसऱ्याआदी कुठलं आलंय गुऱ्हाळ. वयोमानाने नाक जातं माणसाचं.

वायर हाताला गरम लागते. नदीवरची हवा दमट, गरम वायर तेवढीच कोरडी राहते.

तपासणी उद्या.

३० सप्टेंबर

शाहूपुरीतून आग विझवायचा लाल सिलिंडर आणला. वाळूची बादलीही भरून ठेवली. सिलिंडर एकदाच वापरता येतो, म्हणून सराव मनातल्या मनात केला. आग पहिल्या फवाऱ्यात विझली. उद्या रत्नव्वा येणार. खरं सांगायचं तर तिच्याशिवाय करमत नाही. रोज उप्पीट खाऊन तोंडाची चव गेली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी

पूजा यथासांग. पाटावर पक्कड, टेस्टर, पेचकस, मध्ये लाल सिलिंडर, शेजारी वाळूची बादली. सगळ्यांना हळद-कुंकू. स्विचबोर्डला झेंडूची माळ, मेन स्विचवर फूल, खाली निरांजन. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं, तेव्हा आज कशालाही हात लावणार नाही.

साडेअकराला रत्नव्वा आली. सगळीकडे फिरली. बादलीपाशी थांबून म्हणाली, तयारी तर बरी केलीया की. जिंकलो. आता पोळ्या गरम करायला तिने शेगडी लावली आहे. मी हिटर लावून अंघोळीचं पाणी ठेवतो. राहणारच आहे, तर सोयी दिसू देत.

त्याच दिवशी, दुपारी

बोर्डातून आधी धूर आला, मग माळ पेटली. मी तत्काळ सिलिंडरकडे धावलो. हात घातला आणि थांबलो. वर हळद-कुंकू होतं. बादलीवरही. मेन स्विचवर फूल. सुरक्षेचं एकूण एक साधन पूजेत. आमच्या वडिलांनी खंडेनवमीला कधी खुरपंसुद्धा हललेलं खपवून घेतलं नाही. मार्ग एकच उरला, नदी. तांब्या भरून फेकणार, तोच रत्नव्वाने मनगट धरलं. म्हणाली, करंटावर पानी टाकताय? मग उसाकडे तोंड करून गणपतरावांना अशी हाक मारली की मोटरीच्या खोलीतलं बटण त्यांनी बहुधा घाबरूनच पाडलं. मी तिला म्हणालो, पूजा मोडेल. ती म्हणाली, देवाला काय सांगायचं त्ये मी सांगतो, तुमी बाजूला व्हा. आणि कुंकवासकट बादली उचलून ओतली.

आग विझली. म्हणजे वाळू भरून ठेवण्याचा माझा निर्णय योग्यच होता.

ती त्या धुरात उभी होती. तिला काही झालं असतं तर, हा विचार अजून जात नाही.

पोळ्या वाचल्या. वाळू लागते जरा.

२ ऑक्टोबर, दसरा, सायंकाळी

रफिकने सकाळीच बोट कापायला घेतली. मुहूर्त चांगला म्हणाला. मी काठावर उभा राहून मार्गदर्शन केलं. त्याने ऐकलं नाही.

घरी आलो. रत्नव्वाही आली, हे महत्त्वाचं. तिची अट एकच. घरातल्या कुठल्याही बटणाला मी हात लावायचा नाही, दिवा पाहिजे तर तिला हाक मारायची. विचार केला तर हा सुरक्षेचाच नियम आहे, आणि मला आनंदाने मान्य आहे.

ती सोनं द्यायला बहिणीकडे गेली आहे. समोरच्या सगळ्या घरांत लाईट आहे. मी खिडकीशी बसून लिहितोय, आता अक्षर दिसेनासं