टॉवेल आधी आपल्या गालाला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसाय ब्यूटी पार्लर, राहणार पार्लरच्याच मागच्या खोलीत, आज माझी शेवटची इच्छा माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी शुद्ध हरपलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, आणि तपासता तपासता डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना काय लावावं तेही विचारून घेतलं. झोप लावा, म्हटलं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. या वयात दडपण येतं ते फक्त गुडघ्यांवर. वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता, पण त्यात मी 'सदर स्त्री' झाले होते. तो साभार परत केला आणि कोरे कागद मागितले.

१. माझी माणसं

माझे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासत असत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो. तिथे त्याने दुसरा संसार मांडला आहे. त्याच्या पहिल्या संसारातली मुलगी, म्हणजे माझी नात भिंगरी (एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी), आणि तिची आई, या दोघी माझ्याजवळ राहतात. गिऱ्हाइकं मला मोठ्या बाई म्हणतात आणि तिला धाकट्या बाई. म्हणून या कागदातही ती धाकटीच.

इथेच वकीलसाहेब अडले.

"हिच्यापुढे नातं काय लिहू?"

"सून लिहा."

"घटस्फोट झालाय ना? मग कायद्याने ती तुमची कोणी लागत नाही, बाई. फार तर भूतपूर्व सून लिहू."

"भूतपूर्व? ती काय मंत्री होती?"

त्यांनी टक्कल खाजवलं आणि 'त्रयस्थ व्यक्ती' असं सुचवलं. माझ्या गोळ्यांच्या डबीतली कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची हे जिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, ती त्रयस्थ! मी म्हटलं, तेवढी जागा कोरी राहू द्या. शेवटी बघू.

हा कागद करण्याची वेळ का आली तेही सांगते. गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला होता. तो म्हणाला, "आई, तू आहेस तोवर चाललंय तसं चालू दे. पण तुझ्यामागे घर विकावं लागेल. तिचा आता आपल्याशी संबंध काय?" आवाजात राग नव्हता. त्याने रागावून म्हटलं असतं तर मी विसरलेही असते. फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात क्रीमने माखलेले होते. धाकटी दाराशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून तीच पुन्हा घालत राहिली. माझ्यामागे तिला कोणी असं दारात उभं करू नये, यासाठी हे लिहीत आहे.

२. घर

घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. कागदोपत्री माझ्या एकटीच्या नावावर आहे. वरच्या दोन खोल्या मी मुलाला देते. त्यांना उजेड चांगला आहे. तो तिथेच वाढला, खिडकीच्या चौकटीवर त्याने चाकूने कोरलेली आगगाडी अजून आहे. तिला रंग देऊ नये.

खालची पुढची खोली, म्हणजे पार्लर, आणि मागची खोली स्वयंपाकघरासकट धाकटीला देते. कायमची, पूर्ण मालकीने. तिने तिथे पार्लर चालवावं, शिवण चालवावं किंवा दार लावून झोपावं. त्यावर माझ्या मुलाचा किंवा इतर कोणाचाही हक्क राहणार नाही.

जिना पुढच्या खोलीतून वर जातो. तो हलवू नये. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, बाहेरून दुसरा जिना काढा, नाहीतर भांडणं होतील." मी म्हटलं, भांडायला तरी तोंड उघडावं लागतं ना! ही दोघं भिंगरीच्या शाळेच्या निरोपाशिवाय एक शब्द बोलत नाहीत. तरी मी धाकटीला विचारूनच हे ठरवलं. ती म्हणाली, "येऊ देत की. फक्त चपला बाहेर काढायला सांगा. फरशी मी पुसते."

३. शिल्लक

बँकेत जे असेल त्यातून आधी भिंगरीच्या शिक्षणाची तरतूद करावी. उरेल ते मुलाचं. याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही, आणि शिल्लकही तशीच आहे.

४. खुर्ची, कात्र्या, कंगवे

फिरती खुर्ची समोरच्या केशकर्तनालयातून जुनी घेतली होती. तेव्हा तिथले काका म्हणाले होते, "बायकांचं दुकान? सहा महिन्यांत परत आणाल, बाई. जागा राखून ठेवतो." तेव्हापासून लग्नात, भाजीबाजारात, कुठेही भेटले की विचारतात, "काय, खुर्ची कधी आणताय?" काका, खुर्ची धाकटीची झाली. आता तिला विचारा.

कात्र्याही धाकटीच्या. डबल धारेची कात्री कागदाला लावू नये, भिंगरीने तर मुळीच नाही.

रुंद दातांचा लाकडी कंगवा मात्र भिंगरीचा. बाळा, गुंता नेहमी टोकाकडून सोडवायचा. मुळापासून ओढलं की केस तुटतात आणि डोळ्यांत पाणी येतं. घरातलं भांडणही असंच. आजचं जे बारीकसं टोक आहे ते आधी सोडव. 'तुम्ही पहिल्यापासूनच असे' म्हणत मुळाला हात घालू नकोस.

५. पातेलं

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मोठं जाड बुडाचं पातेलं 'दोन दिवसांसाठी' नेलं, तेव्हा माझा मुलगा रांगत होता. त्याचं झाकण माझ्याकडे राहिलं आहे. इतकी वर्षं मी वाट पाहिली; आता वाट पाहणं बरं दिसत नाही. ते झाकण मी जाऊबाईंना देते. उघड्या पातेल्यात त्यांनी आणखी किती दिवस शिजवायचं?

६. सल्ले

पार्लरच्या आरशाच्या कोपऱ्यात मी दर सोमवारी साबणाने एक ओळ लिहीत आले आहे. बायका फेशियलपेक्षा ती ओळ वाचायला जास्त येतात, असं धाकटी म्हणते. या ओळी कोणा एकाच्या नाहीत, ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. आठवतात तेवढ्या इथे लिहिते, कारण आरसा पुसला जातो.

मान हा चेहऱ्याचाच भाग आहे, तिला विसरू नका. तोंड धुतल्यावर घासू नका, टिपा. कांदा मंद आचेवर परता. घाई असेल तर त्या दिवशी कांदा घालूच नका. मीठ अर्धं आधी, अर्धं चव बघून. मूल रडत असताना त्याला काही शिकवायला जाऊ नका, आधी पाणी द्या. कौतुक चारचौघांत करा, कानउघाडणी दार लावून. आणि ज्या सकाळी उठावंसं वाटत नाही, त्या सकाळी आधी उठून केस विंचरा. रडायचंच असेल तर विंचरून रडा. मध्येच दार वाजलं तर उघडता येतं.

ही शेवटची ओळ मी यजमान गेले त्या आठवड्यात लिहिली होती.

७. टॉवेल

लहानपणी मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात होते. तिथे आजारी मुलींची खोली एका सिस्टरकडे होती. अंगाला सतत निलगिरीच्या तेलाचा वास, म्हणून आम्ही तिला निलगिरी म्हणायचो. पोटात दुखलं की ती शेकायची पिशवी आणायची आणि माझ्या पोटावर ठेवण्याआधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. एकदा मी विचारलं, हाताला का नाही लावत? ती म्हणाली, "हात कामाने निबर होतात, गं. गाल खोटं बोलत नाही." घरापासून दूर, आईचा चेहरा पुसट होत चाललेल्या त्या वयात मला तेवढ्याने घरी असल्यासारखं वाटायचं.

पार्लर काढलं तेव्हा पहिला नियम हाच केला. गरम टॉवेल आधी आपल्या गालाला, मग गिऱ्हाइकाच्या. धाकटी नवी सून म्हणून आली तेव्हा तिला हे सांगितलं, तर ती हसली होती. "आई, त्याला थर्मामीटर मिळतो."

पुढे त्या दोघांचं पटलं नाही. कोणाचं चुकलं ते मी लिहिणार नाही. मृत्युपत्रात वाटणी करायची असते, निकाल द्यायचा नसतो. ती भिंगरीला घेऊन माहेरी गेली. कागद झाले. आणि त्याच सुमारास एका सकाळी उठले तर माझा अर्धा चेहरा लुळा पडलेला. डावा डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओघळे. दुसऱ्यांचे चेहरे सजवणारी मी, मी आरशावर चादर टाकली आणि दुकान बंद केलं. मुलगा येऊन डॉक्टर करून गेला. त्याची रजा संपली.

धाकटी आली ती तिची शिवणयंत्राची पेटी न्यायला. दारातच थांबली. माझ्याकडे बघून 'अरे देवा' वगैरे काही म्हणाली नाही. बॅग खाली ठेवली, पाणी तापवलं, टॉवेल पिळला.

मी लुळ्या तोंडाने म्हटलं, "राहू दे. मला त्या बाजूला गरम-गार काही कळत नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली. तिने टॉवेल आधी स्वतःच्या गालाला लावला, थोडा झटकला, पुन्हा लावला, आणि मग माझ्या गालावर ठेवला.

मला खरंच काही कळलं नाही. पण तिच्या गालावर उमटलेला तांबूसपणा दिसत होता.

शिवणयंत्राची पेटी परत माहेरी गेली नाही. चेहरा हळूहळू सरळ झाला, ओठाचा कोपरा तेवढा अजून रुसलेला आहे. आरशावरची चादर तिनेच काढली, धुतली आणि म्हणाली, "आई, उद्यापासून उघडू या." मग उघडलं.

टॉवेल सगळे धाकटीचे. एक सोडून.

८. मुलाला

तो एक टॉवेल, निळ्या काठाचा, माझ्या मुलाला द्यावा. बाळा, थंडीत शाळेतून आलास की तू दुकानात धावत यायचास आणि गिऱ्हाईक बसलेलं असताना ओरडायचास, "आई, कान!" मी दोन्ही कानांवर ऊन टॉवेल धरायचे. त्या बायका हसायच्या. तो हाच.

वडिलांचं भिंग आणि त्यांची लाल पेन्सिलही तुझी. ते म्हणत, चूक सापडली की समासात खूण करावी, पान फाडू नये.

कलम दोन वाचून तुला वाईट वाटेल. म्हणशील, आईने परकीला घर दिलं. म्हणून आणखी एक गोष्ट सांगते, स्वयंपाकघरातली. दूध तळाशी लागलं तर ढवळायचं नाही. ढवळलं की सगळ्या दुधाला वास लागतो. वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचं, तळाचं तळाशी राहू द्यायचं. तुमचं दूध लागलं. गॅस कोणी मोठा ठेवला ते मी तुला कधी विचारलं नाही, तिलाही नाही. पण वरचं चांगलं दूध म्हणजे भिंगरी आहे, रे. ढवळू नकोस.

हा कागद मी पक्का करण्याआधी तू मुलगा म्हणून वाचशील तसा मोठ्याने वाचून पाहिला. दोन ठिकाणी मला भाजलं. ती वाक्यं काढून टाकली. जे राहिलं आहे ते गरम आहे, पण सोसवेल.

९. अंमलबजावणी

वकीलसाहेबांनी वरीलप्रमाणे करावं. टकलाला काही चोळत बसू नये, उन्हात टोपी घालावी.

राहिली ती कोरी जागा. काल दुपारी मी कागद पुढ्यात घेऊन बसले होते. आत धाकटीने पातेलं उतरवलं आणि नेहमीसारखी हाक मारली, "आई, जेवायला चला." मी म्हटलं, "ओ, आले." आणि उठता उठता लिहून टाकलं. वकीलसाहेब, तुमच्या कायद्यात बसत नसेल तर बसवा:

नाते: ती आई म्हणून हाक मारते, मी ओ देते.

ठिकाण: पुढची खोली, आरशासमोर
दिनांक: ९ मार्च, शनिवार, गिऱ्हाईक नसताना

लिहून ठेवणारीची सही (स्वतःच्या हाताने, चष्मा लावून)

आम्ही खाली सही करणाऱ्यांनी बाईंना आमच्यादेखत सही करताना पाहिलं. त्या पूर्ण भानावर होत्या.

साक्षीदार पहिले: समोरचे केशकर्तनालयवाले काका. (खुर्चीवरचा हक्क सोडला.)

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. (चहा घेऊन गेल्या. कप देण्याआधी धाकट्या बाईंनी तो आपल्या गालाला लावून पाहिला, हेही आम्ही पाहिलं.)