अर्धं जावळ

नगर
दि. ६ जानेवारी २०२५

ती. मामांना,
अंगदचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितो. भजनात टाळ वाजवून तुमचे कान गेले असं आई म्हणते. मामीचं ऐकावं लागू नये म्हणून तुम्हीच ते घालवले, असा माझा संशय आहे.

ताईच्या शिवांशचं जावळ १६ फेब्रुवारीला आहे, खर्ड्याजवळ, तिच्या सासरच्या देवळात. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं आणि मामा मी एकटाच. पण दाजींच्या वडिलांनी, वैजनाथरावांनी, आईकडे निरोप पाठवला आहे. ज्यानं बापाच्या दहाव्याला केस दिले नाहीत, त्याच्या मांडीवर आमच्या नातवाचे केस उतरणार नाहीत, असा. मी आधी देवासमोर मुंडण करावं, चार लोकांत चूक कबूल करावी आणि मगच बाळाला हात लावावा.

अण्णांच्या वेळचं तुम्ही पाहिलं आहे. मी खांदा दिला, अग्नी दिला, दहा दिवस घोंगडीवर बसलो. केस आणि पिंड एवढ्यालाच नाही म्हणालो. भावकीनं कारण विचारलं, तेव्हा देव आहे असं मला वाटत नाही हे सांगितलं. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं. अण्णा माझ्याशी कधी खोटं वागले नाहीत. मनात नसलेलं त्यांच्या नावानं केलं असतं, तर त्यांच्याशी माझं शेवटचं वागणं खोटं झालं असतं.

मी कोणाचा देव काढायला जात नाही. आरतीला उठून उभा राहतो, प्रसाद दोनदा घेतो. वर्कशॉपात शनिवारी नारळ फुटतो, त्याचं खोबरं मीच वाटतो. तरी गावी गेलो की लोक म्हणतात, तुला आम्ही सहन करतो. डोकेदुखी सहन करतात, मामा. माणसाला हा शब्द लावलेला मला सोसत नाही.

मला दुसरं काही नको. भाच्याला एकदा मांडीवर घ्यायचं आहे. वैजनाथराव तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. बोलाल का?

रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

आपला भाचा,
अंगद

—

बेलापूर
दि. १५ जानेवारी २०२५

चि. अंगद यास,
मामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. अक्षर बघून म्हणाली, पोरगं देव पाळत नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ किती सोवळ्यानं पाळतंय. बारावी सोडली नसतीस तर मास्तर झाला असतास, असंही म्हणाली.

तुझं जावळ माझ्या मांडीवर निघालं. त्या दिवशी माझ्या नव्या धोतराचं तू काय केलंस ते मी अजून लोकांना सांगतो. तेव्हा मांडीचा हक्क काय असतो हे मला शिकवू नकोस.

आता माझं ऐक. देव आहे. मी सत्तर वर्षं त्याच्याशी बोलतोय. त्याला माझ्यापेक्षाही कमी ऐकू येतं, तरी बोलतोय. तू मानत नाहीस हे तुझ्या आणि त्याच्यामधलं झालं, वैजनाथरावानं मध्ये पडायचं कारण नाही. पण लेकरा, दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे ते दिसत नाही म्हणूनच माणसं एका पंगतीला जेवू शकतात. तू डोक्याचं झाकण काढून दाखवत फिरतोस. कोणी विचारलं तर हसावं, तंबाखू मळावी आणि पावसाचं बोलावं. गावानं तुला मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. याच्याहून जास्त गाव कोणालाच देत नाही.

रविवारी खर्ड्याला जाऊन येतो. तू मध्ये काही बोलू नकोस, विशेषतः खरं.

आईला सांभाळ. लोभ आहे तसाच आहे, तू लिहीत राहा.

तुझा मामा,
भिमाजी

—

नगर
दि. २८ जानेवारी २०२५

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. काम झालं, कसलीही अट नाही, स्वच्छ टोपी घालून ये, एवढंच त्यात आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वैजनाथरावांसारखा माणूस मला आहे तसा बसवून घेतो, म्हणजे लोकांविषयी माझंच काहीतरी चुकत होतं. त्यांनी नेमकं काय म्हटलं ते मात्र कळवा. मला सगळं नीट माहीत असलं की धीर येतो.

बाळासाठी झबलं-टोपडं आणि चांदीचे वाळे घेतले. दुकानदाराला तीन वेळा विचारलं की वाळा पायाला रुतणार नाही ना. शेवटी तो चिडला.

उत्तराची वाट बघतो. माया असू द्यावी.

अंगद

—

नगर
दि. १८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

परवा तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता, पण कर्णा तुमच्या डोक्यावरच होता. त्यामुळे काय बोललं गेलं ते तुमच्यापर्यंत पोचलं नसणार. म्हणून लिहितो.

छगन न्हाव्यानं उजव्या कानापासून वस्तरा लावला. बाळ आधी रडलं, मग माझ्या शर्टाचं बटण चोखत गप्प झालं. ताई समोर ताट घेऊन उभी होती. अण्णा गेल्यापासून मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. अर्धं डोकं झालं तेव्हा वैजनाथराव माइक घेऊन उठले. आधी मामाचा सत्कार करू म्हणाले. माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात जागा नव्हती म्हणून नारळ मांडीशी ठेवला. मग बोलले. या पोरानं बापाला केस दिले नाहीत, पण गेल्या महिन्यात गुपचूप पैठणला जाऊन डोकं केलं, देवाची माफी मागितली. देव नाही म्हणणारा शेवटी कसा वळणावर येतो हे तरुणांनी बघून ठेवावं, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक माझ्या तोंडापुढे धरून दोन शब्द बोला म्हणाले.

मी ताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको, असं.

मामा, मी तोंड मिटून बसलो असतो. पण त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी पैठणला गेलो नाही. केस दिले नाहीत. बाळावर माझा जीव आहे, तेवढंच खरं आहे."

तेव्हा तुम्ही एकट्यानं टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले असं तुम्हाला वाटलं असेल.

वैजनाथरावांनी बाळ उचललं. बटण त्याच्या मुठीत होतं, ते तुटून त्याच्याबरोबर गेलं. ताईच्या जावेच्या भावाला बोलावलं, पाट पुसून घेतला आणि उरलेलं अर्धं जावळ त्याच्या मांडीवर काढलं. नंतर मला जेवूनच जायचा आग्रह झाला. पान वेगळं वाढलं होतं, देवळाच्या भिंतीबाहेर.

पैठणची गोष्ट त्यांना कोणी सांगितली?

अंगद

—

बेलापूर
दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. अंगद यास,
आशीर्वाद.

मी सांगितली. दुसरं कोण सांगणार?

वैजनाथराव हटत नव्हता. तुझ्या ताईनं, दिपालीनं, माझे पाय धरले. केस उगवतातच, गेले होते की नव्हते हे कोण बघायला येतो? मी देवळात उभं राहून देवाला सांगूनही टाकलं होतं, की हे खोटं माझं आहे, पोराच्या माथी मारू नको. त्याला ते चाललं. तुला चाललं नाही.

मी वैजनाथरावाकडे जाऊन चूक कबूल केली. त्यानं मला चहा पाजला, म्हणाला, तुम्ही देवभोळी माणसं, भाच्याच्या मायेनं बोललात. मला माफ करायला त्याला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही. खोटं मी बोललो आणि बाहेर जेवलास तू. मी पुष्कळ दिवस भजनाला गेलो नाही तर समजून घे, कारण विचारू नकोस.

भिमाजी

—

दि. २० एप्रिल २०२५

चि. अंगद,
ताईचे आशीर्वाद.

अंगणवाडीच्या ज्योतीताई जामखेडला जात आहेत, त्यांच्याकडे हे टाकायला देते. उत्तर पाठवू नकोस. इथलं टपाल सासरे आधी बघतात, आणि तुझा नंबर माझ्या फोनमधून काढून टाकला आहे. यंदा मला माहेरी पाठवायचं नाही असं ठरलं आहे. पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नाही.

शिवांश बरा आहे. चालतो, पडतो, उठतो. त्याला ताप आला की सासूबाई डोक्याची उजवी बाजू चाचपतात आणि तिथंच अंगारा लावतात. डावीकडे लावत नाहीत.

तू खोटं बोलायला हवं होतंस असं मी म्हणणार नाही. तुला ते जमत नाही, लहानपणी पेरू चोरल्यावरही जमलं नव्हतं. पण मी मान हलवली ती तू पाहिलीस, आणि तरी बोललास. आधी सासरे तुझ्या डोक्यावर चढून बसले होते, मग तू माझ्या. दोघांच्या मध्ये मी ताट घेऊन उभी होते.

तुम्ही सगळे देव आहे की नाही यावर भांडता. सासरे, मामा, तू. मला लग्नाआधी कोणी विचारलं नाही, नंतर कोणी विचारलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस. रोज सकाळी मी दिवा लावते, त्यावरून सगळ्यांनी काय ते धरून चालावं असं झालं आहे. माझ्या मनात काय आहे ते मी या पत्रातही लिहिणार नाही. तू तुझ्या मनातलं बोलून एसटीत बसलास आणि नगरला गेलास. मला बोलून कुठं जायचं आहे?

तुझं बटण मी धुऊन माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलं आहे. शर्टाला दुसरं लाव.

शेवटी माया असू द्यावी असं लिहायची रीत आहे. ती आहे रे, पण इथं ठेवायला जागा नाही.

बाळाचे केस आता पेरभर वाढले आहेत. उजवीकडचे तुझ्या मांडीवरचे, डावीकडचे दुसऱ्याच्या. काल न्हाऊ घालताना मी खूप शोधलं. कुठंच काही फरक दिसला नाही.

तुझी,
ताई