नाल्याला मे महिन्यात पाणी होतं

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण गेल्या आठवड्यापासून अवधपुरीच्या घरात ओट्याशी गेले की तुम्ही मागे उभे आहात असं वाटतं. याच ओट्यापाशी एका रविवारी तुमचे एक वेल्डर मित्र आले होते. तुम्ही कारखान्यात बॉयलरचे जोड तपासायचात, आणि त्यांचा एक जोड तुम्ही नापास केला होता. "एक ही तो है, भाईसाहब. पेंट के बाद किसको दिखेगा?" त्यांच्या कपात चहा ओतत तुम्ही म्हणालात, "नहीं दिखेगा, इसीलिए तो मुझे देखने को रखा है." ते चहा न घेताच गेले. आई दिवसभर तुमच्याशी बोलली नाही.

मी आता एम. पी. नगरातल्या एका ऑफिसात आहे. कोळशाच्या नव्या वीज प्रकल्पाला परवानगी मिळण्याआधी तिथल्या हवा-पाण्याचा अहवाल लागतो, तो आम्ही लिहितो. मे महिन्यात प्रकल्पाच्या गावी गेले तेव्हा नाल्याला पाणी होतं, बायका कपडे धूत होत्या, म्हशी डुंबत होत्या. मी तसंच लिहिलं. साहेबांनी वाक्य बदललं: नाला फक्त पावसाळ्यात वाहतो. नाला कोरडा ठरला की काठाशी प्रकल्पाची राख साठवायचा तलाव बांधायला हरकत उरत नाही. "साइन कर दो, छोटी सी बात है." मी सही केली.

मग गेल्या आठवड्यात गावात जनसुनावणी झाली. शामियाना गच्च, बाहेर 'प्लांट नहीं चाहिए'च्या घोषणा. मी माईकवर अहवाल वाचते आहे आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहते. आवाज जराही चढवत नाही. "बिटिया, तुम मई में आई थीं. मेरे साथ नाले में उतरी थीं, मुँह धोया था. भूल गईं?" सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणाले, "याद नहीं, अम्मा." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत बघतच खाली बसली. तेव्हापासून तोंड धुवायला ओंजळ भरली की माझे हात अडतात.

आज सकाळी दुरुस्तीचं पत्र लिहून, साहेबांना न विचारता, सरकारी कार्यालयात नेऊन दिलं. कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, "फाइल तो ऊपर चली गई, मैडम."

हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगून टाकते. त्या शामियान्यात 'याद नहीं' म्हणताना, तुम्ही हयात नाही याचं मला बरं वाटलं होतं.