नाक्यावरचं पाणी

१० एप्रिल

आजपासून नाका सुरू. गावप्रमुख दुआंगदींनी सकाळीच भोंग्यावरून माझं नाव पुकारलं — "नाक्यावर यंदाही केवमूनबाई. बायांनो, निश्चिंत राहा. बाप्यांनो, सांभाळून!" सगळा गाव हसला असणार. हसू दे.

बांबू आडवा टाकला, ताडपत्री बांधली, खुर्च्या मांडल्या. चिकट भाताची माझी जुनी टोपली खांबाला टांगली, चाव्यांसाठी. सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणाच्या दिवसांत जो पिऊन हमरस्त्याकडे निघेल त्याची चावी टोपलीत आणि तो पायी घरी. पोलीस वगैरे कोणी नाही. गावचीच माणसं गावच्या माणसांना अडवतात. पोलिसाशी भांडता येतं, शेजारच्या म्हातारीशी काय भांडणार?

हमरस्त्याच्या वळणावर माझा नवरा गेला. हेच दिवस होते, आणि पिऊनच गेला. गाव दर वर्षी ते थोडं थोडं विसरतो. मी विसरत नाही, म्हणून सणाच्या आठवड्यात मी सगळ्यांची नावडती.

कुंपणापलीकडे इन्ता मोटरसायकल धूत होता. सख्खा धाकटा भाऊ. मध्ये फक्त जास्वंदीची रांग, आणि वर्षभर एक शब्द नाही! मी अंगणात आले तशी त्याने पाठ फिरवली आणि दुसऱ्या बाजूने धुवायला लागला.

११ एप्रिल

बुआतोंग मागच्या दाराने डुकराच्या मटणाचा वाडगा घेऊन आली. भावजय असावी तर अशी. "वन्सं, गुपचूप घ्या. यांना सांगू नका." मी म्हटलं, "आमचं बोलणं असतं तर सांगितलं असतं ना!" दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. मग तिचे डोळे भरले. "यंदा येतील का हो हे तुमच्या हातावर पाणी घालायला?"

मला काय माहीत. गेल्या वर्षी मी इन्ताची चावी काढून घेतली, ती तिच्या माहेरच्या सगळ्यांसमोर. सासरे, मेहुणे, पोरंबाळं, सगळे बघताहेत. तो म्हणाला, "आक्का, दोनच ग्लास झालेत. एवढ्या लोकांत नको." मी म्हटलं, "प्यायलास लोकांतच, आता चावीही लोकांतच दे." लोकांनी टाळ्या पिटल्या. तो म्हणाला, "आजपासून मला बहीण नाही." आणि चिखलातून चालत घरी गेला.

माझं काही चुकलं नाही. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन.

पण वर्ष फार लांब होतं ते.

१३ एप्रिल

जुनं वर्ष हाकलायला पहाटे फटाके. घर झाडलं, केस धुतले, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत पाणी मारलं. आणि दहा वाजायच्या आत रस्त्यावर धुमाकूळ! शहरात कामाला गेलेली सगळी पोरं परत आलीत. पिंपंच्या पिंपं गाडीवर चढवलीयत, बर्फाच्या लाद्या फोडून आत टाकलेल्या. माझ्या पाठीत कुणीतरी बर्फगार तांब्या ओतला. अशी किंचाळले की कोंबड्या उडाल्या. कुणाची होती ती पोरगी? पळाली, पण पळण्याआधी वाकून नमस्कार करून गेली. रागवायचं तरी कसं?

खरं सांगायचं तर मला हा सण आवडतो. ऊन असं की पायाला डांबर चिकटतं, आणि कुणीही कुणालाही भिजवावं. डॉक्टर, भाजीवाली, बौद्ध मठाचा आचारी, सगळे सारखेच ओले. गालाला पांढरी पावडर फासून म्हातारे पंधरा वर्षांचे होतात.

फक्त मोटरसायकलवाल्यांच्या तोंडावर नको. घसा बसला माझा ओरडून — "गाडी थांबू दे! मग खांद्यावर घाला, हळू घाला!" डोळ्यांत पाणी गेलं की माणूस आंधळा होतो रे बाबांनो, आणि गाडी काही थांबत नाही. पोरं म्हणतात, "हो आज्जी." आणि पुढच्याला तेच.

आज टोपलीत बऱ्याच चाव्या. इन्ताची नाही. इन्ता नाक्याकडे फिरकलाच नाही.

१४ एप्रिल

आज शिवी द्यायची नाही, वाईट बोलायचं नाही. दिलीच तर वर्षभर तोंड सडतं. वर्षातला हा एक दिवस नाक्यावर बसणाऱ्याला सगळ्यात अवघड!

सुथोन आला. गॅरेजवाला. इतका प्यायलेला की बांबूलाच नमस्कार केला. मी चावी मागितली. त्याच्या ओठांवर काय काय आलं असेल ते मला दिसत होतं. पण आजचा दिवस! गिळलं त्याने. हात जोडून म्हणाला, "केवमूनबाई, तुमचं कल्याण होवो. लवकर होवो. आणि इथून पुष्कळ लांब होवो!"

"तुमचंही होवो, सुथोनराव. चावी द्या."

दिली. मग पलीकडच्या खुर्चीवर बसून रडला थोडा वेळ, बायकोची आठवण काढून. मी त्याला भात आणि तिखट मटण वाढलं. चांगला माणूस आहे. प्यायला की जरा जास्तच चांगला होतो.

१५ एप्रिल, दुपार

इन्ता आला!

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सकाळी मठात वाळू नेली, तिच्या ढिगावर झेंड्या खोवल्या आणि घरी येऊन चटईवर बसले. आई-बाबा गेल्यापासून घरातली मोठी मीच. भाचरं आली, शेजारी आले, हातावर पाणी घालून वर्षभराच्या चुकांची माफी मागितली. मी सगळ्यांना पाठ केलेला आशीर्वाद दिला. डोळे फाटकाकडे. नंतर फाटकाकडे बघायचंच नाही असं ठरवलं, आणि तेव्हाच पायरी वाजली.

आईचा चांदीचा वाडगा दोन्ही हातांत. त्यात शिकेकाईचं पाणी, मोगरा, करडईची फुलं. नवा सदरा, केस चापून बसवलेले. मागे बुआतोंग, पदराला नाक पुसत. तो गुडघ्यांवर बसला, वाडगा पुढे केला आणि म्हणायला लागला — "वर्षभरात बोलण्यात, वागण्यात, मनात काही वाईट..." आणि 'मनात'वर अडकला. पुढे जाईना. मान खाली, कान लालभडक. लहानपणी शाळेत कविता विसरला की असाच उभा राहायचा.

मी हात पुढे केले. त्याने पाणी घातलं. अर्धं माझ्या हातावर, अर्धं मांडीवर.

आता आशीर्वाद मी द्यायचा. अख्ख्या गावाला देते मी, झोपेत विचारा! एक शब्द आठवेना. शेवटी तोंडातून निघालं — "जेवलास का?"

बुआतोंग हसायला लागली, मग तो, मग मी. तिघंही रडत होतो, ते वेगळंच. ओल्या हाताने त्याचं डोकं कुरवाळलं. टाळूवर केस विरळ झालेत. वर्षभर जास्वंदीआडून मला तेवढंही दिसलं नव्हतं.

मग जेवला. तीनदा भात घेतला. म्हणाला, "आक्का, तू बरोबर होतीस तेव्हा. म्हणून तर जास्त राग आला." मी त्याच्या पानात आणखी मटण वाढलं.

नाक्यावरचा बर्फ संपत आलाय. म्हणाला, बाजारातून लादी घेऊन येतो. मी भुवया वर केल्या असणार, कारण लगेच माझ्या तोंडाशी येऊन 'हाऽऽ' करून श्वास सोडला. "हुंग! हुंगून घे नीट!" माझंच मटण आणि माझीच कॉफी, म्हटलं. थेंब नाही पोटात. जाताना गाडीवरून ओरडला, "येताना भिजवशील ना मला? वर्षभर कोरडं ठेवलंस!"

ठेवते काय आता! नाक्यावर मोठी बादली भरून ठेवलीय, तळाशी उरलेला बर्फ. असा भिजवीन की बुआतोंगला त्याला पिळून दोरीवर वाळत घालावं लागेल. जाते, येईल इतक्यात.

१६ एप्रिल

इन्ता शुद्धीवर नाही. मी केलं हे.

१७ एप्रिल

दवाखान्यात व्हरांड्यात बसून लिहितेय. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

तो आला. लांबूनच दिसला. मागे गोणपाटात बर्फाची लादी बांधलेली. मी बादली उचलली. तो हसत होता. हेल्मेट आरशाला अडकवलेलं — डोक्यावरून भिजता यावं म्हणून काढलं असणार, दुसरं काय? माझ्यासाठी काढलं त्याने ते. नाक्याजवळ वेग कमी केला होता, पण थांबला नव्हता.

थांबला नव्हता! आणि मी सगळी बादली त्याच्या तोंडावर मारली.

खांद्यावर नाही. हळू नाही. पोरांवर घसा कोरडा करणारी मी! तेव्हा मला काहीच आठवलं नाही. इन्ता आला, इन्ता माझ्याकडे बघून हसतोय, एवढंच डोक्यात होतं. त्याचे डोळे मिटले, हात हँडलवरून सुटला, आणि लादीच्या वजनाने गाडी मागून फिरली. डोकं रस्त्याकडेच्या कठड्यावर आपटलं. आवाज ऐकला मी. लोक अजून हसतच होते. बर्फ रस्त्याभर सांडला.

इतकी वर्षं मी दारूवर नजर ठेवून बसले. लोकांची तोंडं हुंगली. तो दोन घोट प्यायलेला असता तर मी बांबू टाकून त्याला थांबवलं असतं, चावी घेतली असती, आणि तो आज घरी असता.

डॉक्टरीणबाई लहान वयाची आहे, समजावून बोलते. डोक्यात सूज आहे. उतरेपर्यंत झोपवून ठेवलंय. उतरली तर बघू म्हणाली. बुआतोंग बाकाच्या दुसऱ्या टोकाला. माझ्याकडे बघतही नाही.

१८ एप्रिल

गावातून सगळे येऊन गेले. कोणी मला बोल लावत नाही. एकानेही लावू नये? दुआंगदी म्हणाले, "सणाचं पाणी कुणा एकाचं नसतं, बाई." दुसरी कोणी म्हणाली, "तुम्ही काय मुद्दाम केलंत?" नाही केलं मुद्दाम. प्रेमाने केलं. ते कसं सोसायचं, हे कोणी सांगत नाही.

सुथोन आला, न पिता. दाराशी घोटाळला आणि म्हणाला, "काल नाक्यावर कोणीच नव्हतं. मला हमरस्त्याला जायचं होतं आणि मी जरा... म्हणजे बरीच घेतली होती. मग मीच चावी तुमच्या टोपलीत टाकली आणि चालत घरी गेलो." त्याला वाटलं मला बरं वाटेल. वाटलंही, क्षणभर. मग आणखी रडू आलं.

१९ एप्रिल

बुआतोंग माझ्याजवळ सरकली. अर्धा भात माझ्या हातावर ठेवला. "वन्सं, खा. तुम्हीही आडव्या झालात तर दोघांचं कोण करणार?"

खाल्ला.

२० एप्रिल

सूज उतरतेय! बोटं हलवली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसली. उद्या औषध कमी करून उठवून बघणार आहेत.

व्हरांड्यात बसून मी काय काय ठरवलं. तो उठला की आधी पाया पडायचं. मोठ्या बहिणीने धाकट्याच्या पाया पडायची रीत नाही. नसेना! वाडगाभर शिकेकाईचं पाणी मी त्याच्या हातावर घालीन. तो लाजेल, कान लाल होतील, "आक्का, काय हे!" म्हणेल. मग शिव्या देऊ दे, मारू दे. पण देईल असं वाटत नाही. त्या दिवशी जेवताना ज्या डोळ्यांनी बघत होता, त्या डोळ्यांनी बघेल. माफ करील. त्या एका जेवणावर मी हे दिवस काढलेत.

२१ एप्रिल

इन्ता जागा झाला. जिवंत आहे, बोलतोय, बुआतोंगचा हात धरून बसलाय. सण कधी आहे म्हणून विचारत होता. पडण्याआधीचे काही दिवस पुसले गेलेत, ते बहुतेक परत यायचे नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. बाकी सगळं त्याला आठवतंय.

मी दारात जाऊन उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बुआतोंगला म्हणाला, "हिला कुणी बोलावलं?"