नाल्यापलीकडचं सोनं

९ ऑक्टोबर १९७८, सोमवार. अष्टमी.

आणि सगळ्यांच्या आधी आला कोण, तर नत्थू. माझा धाकटा भाऊ. दूधवाला यायचा होता, सुनेनं, शोभानं, दाराची कडीही काढली नव्हती, आणि हा ओट्यावर बसून पान खाऊन राहिला. मागं त्याची रुखमा, काखेत बोचकं. बोचक्यात मुगाची नवी डाळ, तीळ आणि एक कोहळं. एवढं कोहळं बसमधी आणलं कसं विचारलं, तर म्हणे बस दीक्षाभूमीच्या लोकांनी भरलेली, पण एका बाईनं सरकून जागा दिली आणि कोहळं मांडीवर घेतलं. त्या बाईच्या पोरीचं लग्न कुठं जमून राहिलं, ते रुखमाले तोंडपाठ. नाव विचारायचं तेवढं राह्यलं.

ही डायरी माझ्या पोराच्या, मार्तंडच्या हापिसातली. प्रौढ वर्गात अक्षर शिकली तेव्हाच त्यानं दिली. जानेवारी ते सप्टेंबर कोरे गेले. आता रोज लिहीन.

मुख्य गोष्ट राह्यलीच. जेवताना मी सांगून टाकलं, यंदा त्रिपुरी पुनवेले मी नत्थूसोबत रामटेकचा गड चढणार. दोन साल झाले, गुडघ्याच्या नावाखाली मले घरी बसवलं. शोभा वरणात पाहत राह्यली. मार्तंड म्हणाला, आई, हट्ट नको. मग नत्थूनं मधी पडून तोड काढली. परवा दसरा आहे, मी बाईसंग (मले तो बाईच म्हणतो) नाल्यापलीकडून सोनं आणतो, बाई चालून गेली आणि चालून आली तर जाऊ द्या. मार्तंड माझ्याकडं पाहून म्हणाला, “सोताच्या पायानं परत आली, तर रामटेक. नाही तर घरूनच दिवा लाव.”

झालं की मग. रामटेक जमलंच समजा.

१० ऑक्टोबर, मंगळवार. नवमी.

सीताबर्डीवर लोक जुड्या विकत घेतात. मी नाही घेणार. हे असतानी दरसाल दिघोरीकडच्या नाल्यापलीकडं टेकाडावरून आपट्याचं सोनं आणत. मले ते झाड डोळे मिटून सापडंल.

उद्याचं ठरलं ते असं. कोंबड्यासंग उठणं. काठी नाही. मधी बसणं नाही. चहाले थांबणं नाही. नव्या चपला घालणं, कारण जुन्या पाहून लोक म्हणतील मार्तंडच्या आईले चपला नाहीत. नत्थूले सांगून ठेवलं, रस्ता मी दाखवीन, तू मधी बोलू नको. तो म्हणाला, बरं बाई. लहानपणापासून गुणाचा आहे.

शोभानं काठी दाराशी ठेवली. मी पलंगाखाली सरकवली.

११ ऑक्टोबर, बुधवार. दसरा. सकाळ.

उठायले थोडा उशीर झाला, नत्थू उठवायले आला नाही म्हणून. (म्हणे आला होता.) चहा घेतला, कारण रुखमानं टाकलाच होता. मार्तंड सायकलीले झेंडूचा हार घालून राहिला. मले म्हणाला, आई, अजून विचार कर. मी पदर खोचला.

शिदोरीत बेसन-भाकर, कांदा, ठेचा. निघतो.

संध्याकाळ.

आली! सोनं घेऊन आली. सोताच्या पायानं. आता नीट लिहितो.

वस्ती संपली तशी हवा कशी सुटली. ज्वारी कणसावर आलेली, कापसाच्या पऱ्हाटीले बोंडं लागलेली, बांधावर गवताचे पांढरे तुरे. मले एवढा आनंद झाला की मी भरभर चालली. नत्थू मागं पडला. मग त्याच्यासाठी एका दगडावर बसली. तो म्हणे मी थकलो नाही, रोज वावरात असतो. पण शेतकऱ्यांना थकलं म्हणायची लाज वाटते. पुढं त्याच्यासाठी बाभळीखाली बसली. मग विहिरीच्या कठड्यावर. चपला त्याच्या हातात दिल्या, नव्या चपला मातीत कशाले खराब करायच्या. टाचेचा फोड आधीचाच असंल.

भाकर खाताना जुन्या गोष्टी निघाल्या. मी त्याले खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवत होती, तेव्हा त्यानं माझ्या केसात गुळाची जिलबी पुसली होती. तो एवढा हसला की ठसका लागला.

नाला ओलांडला. तिथंच, टेकाड चढायच्या आधी, एका बगीच्याच्या कुंपणाशी माझं झाड. मी लगेच ओळखलं. टेकाडावर होतं असं मले वाटे, पण इतक्या सालात टेकाड सरकलं असंल, पावसानं माती जाते. झाड मोठं झालं, पानं तळहाताएवढी. आणि वर गुलाबी फुलं. सोन्याले फुलं मी जन्मात पाह्यली नव्हती. शुभ शकुन. नत्थू दोनदा “बाई वं, हे झाड...” म्हणून बोलू लागला. मी म्हटलं, मधी बोलू नको ठरलं आहे. त्यानं वर टेकाडाकडं पाह्यलं, मग माझ्या पायाकडं पाह्यलं, आणि चूपचाप फांद्या वाकवून दिल्या.

येताना चाऱ्याची बैलबंडी दिसली. बंडीवाला ओळखीचा नव्हता, पण सणासुदीले कोणी बस म्हटलं तर नाही म्हणणं बरं दिसत नाही. माणसाचा मान ठेवावा लागतो. नत्थू बाजूनं चालत आला. आमच्या गल्लीच्या आधीच त्यानं बंडी थांबवली, बैलांना वळायले जागा नाही म्हणे. जागा होती. पण बरंच झालं, दारात मी चालत आली.

मार्तंडनं पाह्यलं. शोभानं माझ्या अंबाड्यातून गवताची एक लांब काडी ओढून काढली आणि खिडकीत ठेवली. वारं होतं, मी म्हटलं.

आता सोनं वाटायले जातो. पूर्ण गल्लीले पुरंल.

१२ ऑक्टोबर, गुरुवार.

पाय दुखून नाही राहिले. नुसते उचलत नाहीत.

काल रात्री पुढचं लिहिलं नाही, कारण मन नव्हतं. मी दहा घरी सोनं देऊन आली, “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” म्हणून सगळ्यांना नाल्याची गोष्ट सांगितली. शेवटी शेजारचे महादेवराव बायकोसंग आमच्याकडं आले. मी जुडी हातावर ठेवली. त्यांनी पान उजेडात धरलं, उलटवलं, म्हणाले, “तुळसाबाई, यंदा कांचन वाटलं का?” त्यांच्या बायकोनंही फूल पाहून तोंडाले पदर लावला. कांचन म्हणे. शोभेचं झाड. बगीच्यात लावतात.

मार्तंडच्या तोंडावर दिसूनच राह्यलं होतं, रामटेक गेलं, आता घरूनच दिवा. तेव्हा नत्थू उठला. म्हणाला, भाच्या, चूक माझी आहे. बाई टेकाडावर जातो म्हणून राहिली होती, मीच म्हटलं इथंच तोड. बंडीतही मीच बसवलं.

मी मोठ्या मनानं त्याले माफ केलं. शेतकरी माणूस, आणि कांचन ओळखत नाही. लोकांपुढं मी तसं म्हटलं नाही, लहान भाऊ आहे.

मार्तंड मामाकडं पाहून एकदम हसायले लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यात पाणी. मग माझ्या पायाशी बसून टाचेले तेल लावून दिलं. म्हणाला, जा रामटेकले. पण गड नाही. खाली अंबाळ्याच्या तलावावर मामीसंग बस, तिथंच दिवा लाव, मामा वर जाऊन येईल.

मी तयार झाली. सगळे वर गेले तर खाली चपला राखायले कोणी पाहिजेच.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.

नत्थू-रुखमा गेले. जाताना नत्थूनं पलंगाखालून काठी काढून माझ्या हातात दिली. मी ती दाराशी ठेवली, कुत्रे येतात.

बारा नोव्हेंबर, रविवार, त्या दिवशी दोघं परत येतात मले न्यायले. बसनं त्याच्या गावापर्यंत, तिथून रामटेकपर्यंत त्याची बंडी. बंडीत गादी टाकतो म्हणाला. मी म्हटलं, रुखमाले लागत असंल तर टाक.