साडूच्या नाकावर टिच्चून

रविवार, २ मार्च
ठरलं. सूड घ्यायचा.

सासऱ्यांना तेवीस तारखेला पंचाहत्तर पूर्ण होतात. आज त्यांच्याकडे सगळे जमलो होतो. जेवायला कुठं जायचं ते मी ठरवणार, असं मी जाहीर केलं. सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात माना घातल्या. कारण मागच्या वर्षीही मीच ठरवलं होतं. सूप गार होतं, भात कच्चा होता आणि वेटरनं सासऱ्यांच्या मांडीवर रस्सा सांडला. यात माझा काय दोष? मी वेटर नव्हतो.

पण त्या दिवशी साडू सगळ्यांसमोर म्हणाला, की पुढच्या वेळी धाकटे जावई नेणार असतील तर आपण घरून जेवूनच निघू. वीस माणसं हसली. सगळ्यांत जास्त ही हसली. बायको म्हणवते स्वतःला!

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कुठल्या गावात कुठलं हॉटेल चांगलं हे त्याला तोंडपाठ, असा त्याचा घरभर लौकिक. सासरे त्याला कौतुकानं 'खवय्ये' म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत.

तेवीस तारखेला हाच माणूस बोटं चाटत कबूल करेल, की असं कधी जेवलो नव्हतो. मी फक्त मान हलवीन. जास्त बोलणार नाही.

सोमवार, ३ मार्च
आमची कंपनी वजनकाटे दुरुस्त करते. महिनाभर कंपनीची व्हॅन घेऊन सगळा भाग मीच पालथा घालतो. ही संधी साडूला कुठून मिळणार? तो बसतो बँकेत.

संकल्प: साडूनं ज्याचं नावही ऐकलेलं नाही असंच हॉटेल शोधायचं. नेटवरचे रिव्ह्यू वाचायचे नाहीत, ते हॉटेलवाल्यांचे मेहुणे लिहितात. थेट स्थानिक माणसाला विचारायचं.

दुपारी: चार स्थानिक माणसांना विचारलं, तुम्ही कुठं जेवता? चौघेही म्हणाले, घरी. एक तर म्हणाला, का हो, घरी काही भांडण झालंय का?

बुधवार, ५ मार्च
नवी पद्धत. ट्रक जिथं थांबतात तिथं जेवण उत्तम असतं, हे जगजाहीर आहे. ट्रक थांबेपर्यंत कशाला वाट बघायची? सकाळीच एक ट्रक पकडला आणि त्याच्या मागे लागलो. ड्रायव्हर चांगला गलेलठ्ठ होता, म्हणजे जाणकार. दोन घाट ओलांडले. माझं ज्या गावात काम होतं ते केव्हाच मागे पडलं.

ट्रक थांबला पशुखाद्याच्या गोदामात.

ड्रायव्हर उतरून माझ्या अंगावर आला, की का पाठलाग करतोस. मी शांतपणे कार्ड दाखवलं आणि म्हटलं, काटा तपासायला आलोय. काटा खरंच बिघडला होता. दुरुस्त केला. फुकट गेला असं म्हणता येणार नाही दिवस. पण जेवण नाही.

शुक्रवार, ७ मार्च
काल एका हॉटेलात सूप मागवलं. तवंगाखाली काय होतं देव जाणे. रात्रभर पोटानं छळलं.

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. आपत्तीतून शस्त्र घडवलं. साडूला मेसेज केला: या हॉटेलात जाऊन याच, स्वर्ग आहे. त्याच्या बँकेची तिकडे शाखा आहे, जाणारच. सुडाचा पहिला हप्ता पोचता झाला. आता पोट दुखतंय, पण गोड दुखतंय.

मंगळवार, ११ मार्च
साडूचा फोन. आभार मानायला! म्हणे, गेलो होतो, मागच्या अंगणात बसलो, आचाऱ्यालाच विचारलं आज काय ताजं आहे, तर त्यानं मासे करून वाढले. आयुष्यात असे मासे खाल्ले नव्हते म्हणे. तुम्ही दडून बसलेले खवय्ये निघालात, असं म्हणून हसला.

माझं हॉटेल. मी शोधलेलं. आणि मासे त्यानं खाल्ले.

मी म्हटलं, हो, मासे छानच असतात तिथं. मेल्याला आणखी काय सांगणार!

शनिवार, १५ मार्च
सापडलं! सापडलं! सापडलं!

भाजी बाजारातले काटे उरकून परत येत होतो. भूक मरणाची. तर एका मोठ्या आवारात गाड्याच गाड्या. व्हॅन लावायला जागा नाही. आणि दारावर बोर्ड नाही! खऱ्या जागेला बोर्ड लागतच नाही.

दारात एक वयस्क गृहस्थ सूट घालून उभे. मालक असणार. कुठून आलात, म्हणाले. म्हटलं, कंपनीकडून. तर माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, या या, कंपनीतले बरेच जण आलेत, तुमचीच वाट होती. गिऱ्हाइकाशी असं बोलणारा मालक मी जन्मात पाहिला नव्हता.

आत लोक नटूनथटून जेवायला आलेले. दागिने काय, अत्तरं काय! या भागात जेवणाला केवढा मान आहे. मेनू कार्ड नाही. बसल्याबरोबर वाढायलाच लागतात. सूप कढत. भात मोकळा. भाज्या किती ते मोजलं नाही. नको म्हटलं तर वाढणारे रागावतात. दोन बायकांनी तर मी फार वाळलोय म्हणून आणखी गोड वाढलं. याला म्हणतात सर्व्हिस.

एका बाजूला स्टेजवर मालकाचा मुलगा आणि सून बसले होते. जेवून झालं की प्रत्येक जण त्यांना जाऊन सांगतो. मीही रांगेत उभा राहिलो, जेवण फर्स्ट क्लास म्हणालो. त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. टिप इथं पाकिटात घालून त्यांच्या हातात द्यायची पद्धत दिसते. मीही दिली.

बिल मागितलं तर मालकांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, तुम्ही आलात यातच सगळं आलं.

साडू, भरले आता तुझे दिवस!

रविवार, १६ मार्च
हिला फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, हे दोघं कोण? मालकाचा मुलगा आणि सून, मी म्हणालो. मुलीच्या हातात एवढी फुलं कशाला, असं तिनं विचारलं. म्हटलं, गिऱ्हाइकं देतात.

ती नुसतं बरं म्हणाली. जळली असणार. शेवटी बहीण साडूच्या घरात आहे.

बुधवार, १९ मार्च
मुद्दाम वाकडी वाट करून गेलो. फाटक बंद, पण त्यावर नंबर होता. फोन केला तर वॉचमननं उचलला. मालकांना द्या म्हटलं, तर म्हणाला मालक परदेशी असतात. मोठा धंदा दिसतो.

विचारलं, येत्या रविवारी उघडं आहे का? हो म्हणाला, सकाळी नऊपासून. वीस जणांना घेऊन आलो तर चालेल का? तो इतका खूश झाला! म्हणाला, आणाच साहेब, जितके याल तितकं बरं, लोक हल्ली येतच नाहीत. खायला मिळेल ना? म्हणाला, खाणंपिणं देतात ना, सगळ्यांना देतात. फक्त रिकाम्या पोटी येऊ नका.

काय हा आत्मविश्वास! भरल्या पोटाच्या माणसालासुद्धा जेवायला लावू म्हणतात. मी मात्र सगळ्यांना उपाशीच नेणार आहे. साडूची भूक मला पूर्ण हवी आहे.

गुरुवार, २० मार्च
हिनं हॉटेलचा नंबर मागितला. बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या किती आहेत ते विचारते म्हणाली. दिला. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. बराच वेळ बोलली. आत आली तेव्हा पायऱ्या दोनच आहेत म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरल्यासारखे वाटले. वडिलांसाठी मी एवढं करतोय, ते आता कळायला लागलंय तिला.

शनिवार, २२ मार्च
सगळ्यांना मेसेज पाठवला. उद्या सकाळी चहासुद्धा नाही. कोणी लबाडी केली तर मला चेहऱ्यावरून कळेल. साडूनं अंगठा पाठवला. सासऱ्यांनीही पाठवला.

साडूनं माफी मागितल्यावर काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आवाज किंचित दुःखी ठेवायचा आहे.

रविवार, २३ मार्च, सकाळी
भुकेनं डोकं हलकं झालंय. मजा येतेय.

रविवार, २३ मार्च, संध्याकाळी
पाच गाड्या घेऊन पोचलो. मी सगळ्यांच्या पुढे. दार उघडलं. आत हॉलभर खाटा, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी. क्षणभर वाटलं, हल्ली आडवं पडून जेवायची फॅशन आली असेल. मग भिंतीवरचा कापडी फलक वाचला.

रक्तदान शिबिर.

मी वळलो. साडूच्या तोंडाकडे बघितलं. हसेल म्हणून दात आवळून उभा राहिलो. तो हसला नाही. कोणीच हसलं नाही. मागच्या वर्षीपेक्षा हे वाईट होतं.

तेवढ्यात एक नर्स आली आणि मोठ्यानं म्हणाली, उपाशीपोटी रक्त घेत नाही, सकाळी ज्यांनी खाल्लंय त्यांनी हात वर करा.

वीस हात वर झाले. वीसच्या वीस. सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले, त्यातला एक साडूनं हळूच खाली केला. हिनं अर्धाच वर केला, पण केला. खाली हात असलेला माणूस मी एकटा.

सगळे घरून जेवून निघाले होते.

हिनं मग सगळं सांगितलं. फोटो बघितल्याबरोबर तिला कळलं होतं, की मी कोणाच्या तरी लग्नात जेवून आलो. ते मंगल कार्यालय आहे आणि रविवारी तिथं रक्तदान आहे, हे उरलेलं वॉचमननं सांगितलं. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाली, कितीतरी दिवसांनी तुम्ही शीळ घालत घरात फिरत होतात. सांगायला गेले, पण सांगवेना. बहिणीला फोन केला, मग बाबांना, तर बाबा म्हणाले, चला, त्यांचा हिरमोड नको, पंचाहत्तरीला रक्तदान काय वाईट?

खुद्द त्यांचं रक्त वयामुळे घेतलं नाही. माझं भुकेमुळे. आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो. सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, काय उपाशी जावई! तिथून निघेपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. म्हणजे मलाही आता ते काहीतरी म्हणतात.

साडूनं रक्त दिलं. त्याला तिथं बिस्किटांचा पुडा मिळाला. तो उठून सरळ माझ्याकडे आला, पुडा माझ्या हातात ठेवला आणि चपला घालायला गेला. मी आरशासमोर पाठ केलेलं सगळं वाया गेलं. इतका दुष्ट माणूस मी पाहिला नाही.

पुडा तसाच त्याच्या तोंडावर परत फेकायचा, असं ठरवलं होतं. आता तो रिकामा आहे. बिस्किटं चांगली होती. त्याला सांगणार नाही.