राजवाड्यातला मेन स्विच

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय म्हणून मनातल्या मनात, पण पूर्ण). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला असेल. नसेल, तर तो हवेमुळे नसून सिगारेटमुळे आहे, हे त्यांच्या धाकट्या मेव्हण्याचं मत त्यांना हळूच कळव. इकडे सगळे खुशाल. म्हणजे तुझी भाची माझ्याशी बोलत नाही, बाकी खुशाल.

तिने पसंत केलेल्या मुलाच्या आईवडिलांना आम्ही परवा पहिल्यांदा भेटलो. भेट राजवाड्यात ठरली, कारण तो दोन्ही घरांच्या मधोमध पडतो आणि कुणी कुणाकडे जायचं हा वाद राहत नाही (डोकं तुझ्या भावजयीचं). मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. पाटी दिसली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मीही निवृत्तच, पण माझी सगळी नोकरी सुट्या भागांच्या गोदामात गेली. संध्याकाळी सगळे बाहेर पडले की "आहे का कुणी आत?" असं ओरडून मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, हे माझं काम. ते अंगात मुरलंय, त्याला मी काय करू?

दरबाराच्या दालनातून गाइडने आमच्या घोळक्याला पुढे पिटाळलं. मी मागे रेंगाळलो. एवढी झुंबरं रिकाम्या दालनात फुकट जळताना बघून माझा जीव तुटत होता. दाराशी पडद्याआड बोर्ड, त्यावर मेन स्विचचा हुबेहूब आमच्या गोदामातला दांडा, ग्रीससकट. तो मी पाडला असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, हाताने पाडला. माझी चूक एवढीच, की प्रश्न नंतर विचारला. अंधारातून बरेच जण एकदम "आहे" म्हणाले. दुसऱ्या दारातून आमच्या नंतरचा घोळका आत आला होता, हे मला कोण सांगणार?

दांडा वर केला तर आमचे होणारे व्याही थेट सिंहासनावर. बिचारे त्याच्या मागची पाटी वाचत होते, अंधारात आधार शोधता शोधता टेकले. पहारेकऱ्याने सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, वाचता येत नाही का? जन्मभर मुलांना हेच विचारलेला माणूस, ताई. खाली मान घालून उठले. मला फार वाईट वाटलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी पुढे होऊन म्हणालो, शोभतंय तुम्हाला, बसा अजून थोडं. कुणी हसलं नाही. गोंधळ ऐकून परत आलेली तुझी भाची मात्र माझ्या काळ्या झालेल्या हाताकडे बघत राहिली.

घरी आल्यावर दारातच तिचं एक वाक्य: "बाबा, रविवारच्या बोलणीला तुम्ही येऊ नका."

मी म्हटलं, बरं. मला काय, घरात ढीगभर कामं पडलीत. उलट सुटलो. काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मुख्याध्यापकांचा मला गुपचूप फोन आला होता. म्हणाले, दिवे लागल्यावर लगेच उठता आलं असतं, पण उठावंसं वाटेना. हे आपल्यातच ठेवा म्हणाले, म्हणून फक्त तुला लिहितोय.

ता. क. पुन्हा. पोरगी तुझं ऐकते. तिला एक फोन कर ना. तिच्या लग्नाचं ठरत असताना मी घरी बसून राहू? मला जायचंय गं. एक शब्द बोलणार नाही, हात खिशात ठेवीन.

ता. क. शेवटचा. आज मंगळवार आहे. रविवारचा शर्ट मी इस्त्री करून ठेवलाय.